नावडते पुस्तक आणि दुसरे पुस्तक

शाळेने नेमून दिलेले पुस्तक आमच्या मुलाला आवडत नाही, तो वाचायलाच बसत नाही, ही तक्रार पालकसभेत वरचेवर ऐकू येते. तक्रार करणाऱ्या आईवडिलांपैकी पुष्कळांनी स्वतः चौथी-सातवीच्या पुढची शाळा पाहिलेली नसते. मुलाने शिकावे म्हणून काळजावर दगड ठेवून त्यांनी त्याला वसतिगृहात पाठवलेले असते. त्यामुळे ‘पुस्तक आवडत नाही’ एवढे तीन शब्द त्यांना फार मोठे संकट वाटतात. पुस्तक आवडत नाही म्हणजे शिक्षण आवडत नाही आणि शिक्षण आवडत नाही म्हणजे पुन्हा तीच ऊसतोड, तीच वीटभट्टी, तीच दुसऱ्याच्या बांधावरची मजुरी, अशी साखळी त्यांच्या मनात क्षणार्धात पूर्ण होते.

ही भीती निराधार नाही. तथापि या साखळीचा पहिलाच दुवा तपासून पाहण्यासारखा आहे. एखादे पुस्तक न आवडणे आणि वाचन न आवडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ज्या घरात शंभर पुस्तके आहेत, त्या घरातील मुलाला हा फरक आपोआप कळतो; एक पुस्तक बाजूला ठेवून तो दुसरे उचलतो. ज्या घरात पाठ्यपुस्तकाखेरीज दुसरे पुस्तकच नाही, तेथे मात्र एका पुस्तकाविषयीची नावड ही साऱ्या पुस्तकांविषयीची नावड होऊन बसते. आपल्या शाळांतील बहुसंख्य मुले या दुसऱ्या प्रकारच्या घरांतून येतात. म्हणून नावडत्या पुस्तकाचा प्रश्न आपल्यासाठी अधिक निकडीचा आहे. प्रस्तुत लेखात त्याचा विचार दोन थोर वाचकांच्या उदाहरणांवरून करू आणि मग आपल्या वसतिगृहाकडे व घराकडे वळू.

१. एका घरातील सायंवाचन

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत आपल्या बालपणीच्या वाचनाची हकीकत सांगितली आहे. सुभेदार रामजी सकपाळ धार्मिक वृत्तीचे आणि शिस्तीचे. रोज संध्याकाळी ते भीमराव आणि त्यांचे बंधू यांच्याकडून रामायण-महाभारतातील भाग मोठ्याने वाचून घेत. घरातील बहिणी आणि जमलेली इतर मंडळी ते ऐकत. हा क्रम पुष्कळ वर्षे चालला. आजच्या भाषेत सांगायचे, तर हे नेमून दिलेले वाचन होते. ग्रंथ वडिलांनी निवडलेला, वेळ वडिलांनी ठरवलेली, आणि वाचणाऱ्या मुलांना कोणी पसंती विचारलेली नव्हती.

पुढे शाळकरी वयातच, एका परीक्षेत उत्तीर्ण झाल्याबद्दल, समाजातील मंडळींनी भीमरावांच्या अभिनंदनाची सभा भरवली. अध्यक्षस्थानी लेखक व शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळूसकर होते. त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र या मुलाला भेट दिले. त्या पुस्तकावर प्रश्न विचारले जाणार नव्हते. मुलाने ते आवडीने वाचले आणि त्याचा त्याच्या मनावर खोल परिणाम झाला. आपल्या वडिलांनी असे साहित्य आपल्या हाती का दिले नाही, असा प्रश्न त्याला पडला आणि एके दिवशी त्याने तो वडिलांना विचारलाही. ज्या ग्रंथांत वरच्या वर्णांचे मोठेपण आणि शूद्रातिशूद्रांची हीनता पुनःपुन्हा सांगितली आहे, ते ग्रंथ आम्हांला वाचायला का लावता, असा त्या प्रश्नाचा आशय होता.

वडिलांना प्रश्न रुचला नाही. मुलांनी सांगितले तसे करावे, असे म्हणून त्यांनी तो विषय मिटवला. मुलाने मात्र काही काळाने तोच प्रश्न पुन्हा केला. या वेळी वडील उत्तराची तयारी करून बसले होते. आपण अस्पृश्य म्हणून गणले जातो, त्यामुळे मुलांच्या मनात न्यूनगंड निर्माण होण्याचा संभव आहे. द्रोण, कर्ण, वाल्मीकी हे सामान्य स्थितीतून किती उंचीवर गेले हे वाचून तो गंड दूर व्हावा, असा आपला हेतू असल्याचे त्यांनी सांगितले. या युक्तिवादात तथ्य आहे हे मुलाला पटले, पण त्याचे समाधान झाले नाही. त्या ग्रंथांतील एकही पात्र त्याला आपलेसे वाटत नव्हते.

या हकीकतीतील तीन गोष्टी शिक्षक आणि पालक यांनी मनावर कोरून ठेवण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट अशी, की त्या मुलाची नावड हा आळस नव्हता. ज्याने ग्रंथ लक्षपूर्वक वाचला होता, त्यालाच तो प्रश्न पडू शकत होता. ‘या ग्रंथात माझे स्थान कोठे आहे?’ असे विचारणारा मुलगा वाचनात मागे नसतो, तो वर्गाच्या पुढे गेलेला असतो.

दुसरी गोष्ट वडिलांविषयी आहे. पहिल्या वेळी त्यांनी प्रश्न दडपला हे खरे; पण ते पुन्हा विचार करून उत्तर द्यायला बसले. शिवाय हेच रामजी सकपाळ मुलाला हवी ती पुस्तके मिळावीत म्हणून हातात पैसे नसताना आपल्या विवाहित मुलींचे दागिने मागून आणत आणि ते गहाण टाकून पुस्तके घेत, असे चरित्रकारांनी नोंदवले आहे. एकीकडे स्वतः निवडलेला ग्रंथ वाचायला लावणारा आणि दुसरीकडे मुलाने निवडलेल्या ग्रंथासाठी कर्ज काढणारा असा तो एकच बाप होता. त्यातील पहिले काम आपण सारेच करतो. दुसऱ्याकडे आपले लक्ष कमी जाते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आपण त्या लहान वयात बुद्धांकडे गेलो ते रिकाम्या मनाने गेलो नाही, आपल्याजवळ आधीची पार्श्वभूमी होती आणि म्हणून बौद्ध साहित्य वाचताना तुलना करता आली, अशा आशयाचे विधान बाबासाहेबांनी त्याच प्रस्तावनेत केले आहे. म्हणजे वर्षानुवर्षे वाचलेले ते नावडते ग्रंथही वाया गेले नाहीत. केळूसकरांचे पुस्तक हाती आले, तेव्हा पूर्वीच्या वाचनाला अर्थ आला. ते आले नसते, तर मुलाजवळ उरली असती ती केवळ धुसफूस. दोन पुस्तके शेजारी आली की तुलना सुरू होते आणि तुलनेतून स्वतःचे मत तयार होते. नेमलेल्या पुस्तकाला दुसऱ्या पुस्तकाची जोड देणे, हा या लेखाचा मुख्य मुद्दा आहे.

केळूसकरांच्या हातून हे घडले, तेही योगायोगाने घडले नाही. मुंबईच्या चर्नी रोडवरील बागेत शाळा सुटल्यावर एकटा वाचत बसणारा मुलगा त्यांनी पाहिला, त्याची विचारपूस केली आणि त्याला वाचनासाठी पुस्तके देऊ लागले. मुलगा काय वाचतो आहे हे आधी पाहायचे आणि मग त्याच्या हाती पुढचे पुस्तक द्यायचे, ही त्यांची रीत होती. पुस्तक देणाऱ्याला पुस्तकाइतकीच वाचणाऱ्याचीही ओळख हवी, हे यातून शिकता येते.

२. बालमासिकाची काही पाने

दुसरे उदाहरण गोव्यातील आहे. धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १८७६ साली साखवळ या गावी झाला. त्यांचे शालेय शिक्षण फारसे झाले नाही. घरची बागायत पाहत असताना जे मिळेल ते वाचावे, अशी त्यांची स्थिती होती. अशा वेळी ‘बालबोध’ या मासिकात त्यांच्या वाचनात बुद्धांचे छोटेसे चरित्र आले. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ साली सुरू केलेले हे मासिक मुलांसाठी होते. त्या चरित्राने मनात जी ओढ निर्माण झाली, ती पुढे वाढत गेली. ते घर सोडून निघाले. पुणे, काशी, नेपाळ, श्रीलंका असा प्रवास त्यांनी हालअपेष्टा सोसत केला आणि ते पाली भाषेचे थोर पंडित झाले. फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकवली, अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनाचे काम केले. ही सारी हकीकत त्यांच्या ‘निवेदन’ या आत्मकथनात वाचायला मिळते.

हार्वर्डपर्यंत जाणाऱ्या या वाटेवरची पहिली पायरी बालमासिकातील काही पानांची होती, हे ध्यानात घ्यावे. त्या वेळी कोसंबींच्या हाती कोणी ‘विसुद्धिमग्ग’ ठेवला असता, तर त्यांनी तो मिटून ठेवला असता. मुलांच्या हातातील मासिकाला, चित्रकथेला किंवा साहसकथेला ‘फालतू वाचन’ म्हणण्यापूर्वी हे उदाहरण आठवावे.

३. नावड नेमकी कशाची असते?

‘पुस्तक आवडत नाही’ असे मूल म्हणते, तेव्हा त्यामागे निरनिराळी कारणे असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो. वर्गात आणि वसतिगृहात आढळणारी प्रमुख कारणे अशी :

*तुकड्यांची नावड.* भाषेच्या पाठ्यपुस्तकातील पुष्कळसे पाठ मोठ्या पुस्तकांतून घेतलेले उतारे असतात. गोष्ट रंगात येते आणि पाठ संपतो. पुढे काय झाले हे जाणून घेण्याची इच्छा हाच वाचनाचा प्राण आणि नेमकी तीच अर्धवट राहते. त्या जागी स्वाध्याय येतो : एका वाक्यात उत्तरे लिहा, जोड्या लावा, आकृतिबंध पूर्ण करा.

*प्रश्नांची नावड.* प्रत्येक परिच्छेदावर प्रश्न येणार हे ठाऊक असले, की मूल परिच्छेद वाचत नाही, उत्तर शोधते. पुढे तेही कष्ट वाचवण्यासाठी गाईड येते, परीक्षेच्या तोंडावर ‘अपेक्षित’ येते. मग पाठ न वाचता पाठावरील उत्तर पाठ करणारा विद्यार्थी तयार होतो आणि त्याला गुणही मिळतात. त्या पाठाच्या लेखकाशी मात्र त्याची भेटच झालेली नसते.

*तात्पर्याची नावड.* गोष्ट सुरू होण्यापूर्वीच ‘या पाठातून आपल्याला अमुक शिकवण मिळते’ असे सांगितले, की गोष्टीतील गंमत निघून जाते. जातककथांचेच पाहा. पाली संग्रहात ५४७ जातके आहेत. माकड आणि मगर, बडबडे कासव, स्वतःचे शरीर देऊ करणारा ससा या कथा दोन हजार वर्षांहून अधिक काळ टिकल्या, कारण त्या आधी उत्तम गोष्टी आहेत. मूल माकडाच्या चातुर्यावर हसते आणि बोध त्याच्या मनात नंतर, त्याच्या गतीने उतरतो.

*भाषेची नावड.* वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, मराठवाडी बोलीत वाढलेल्या किंवा घरी गोंडी, कोरकू, पावरी बोलणाऱ्या मुलाला पुस्तकातील प्रमाण मराठी ही जवळजवळ दुसरी भाषा असते. वाक्य कळायलाच श्रम पडतात, मग रस कोठून यायचा? अशा मुलाला मंद म्हणणे हा अन्याय आहे. ते एकाच वेळी भाषा आणि पाठ अशा दोन गोष्टी शिकत असते.

*स्वतःच्या अनुपस्थितीची नावड.* पुस्तकातील घरे, सण, आडनावे, जेवणाची ताटे आपल्या ओळखीची नाहीत, आपल्यासारखे कोणी आलेच तर ते कीव करण्यापुरते येते, असे मुलाला जाणवत राहते. लहान वयात हे त्याला शब्दांत मांडता येत नाही. ते फक्त म्हणते, ‘नाही आवडत.’ रामजींच्या घरातील मुलाने हेच शब्दांत मांडले होते.

*वयाची नावड.* काही पुस्तके चांगली असतात, पण लवकर हाती येतात. बाराव्या वर्षी मिटलेले पुस्तक विसाव्या वर्षी उघडावेसे वाटते. अशा वेळी सक्ती केली, तर ते विसाव्या वर्षीही उघडले जात नाही.

*वाचनरीतीची नावड.* साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. तिची रचनाच मुळी रात्री सांगितलेल्या कथांची आहे; प्रकरणांना ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ अशी नावे असून अशा बेचाळीस रात्री आहेत. एका रात्री एक कथा ऐकावी, असे ते पुस्तक आहे. त्यातील एखादी रात्र कापून तिच्यावर दहा गुणांचे प्रश्न काढले, की मुलाला ते पुस्तक रटाळ वाटू लागते. तेच मूल वसतिगृहात दिवे मालवण्यापूर्वी कोणी मोठ्याने वाचले, तर डोळे पुसत ऐकते. ज्यांना त्यातील भाव किंवा वातावरण दूरचे वाटते, त्यांनाही ते तसे म्हणण्याची मोकळीक हवी.

म्हणून मुलाने नाक मुरडले, की रागावण्यापूर्वी एक साधा प्रश्न विचारावा : ‘कोणत्या पानावर कंटाळा आला?’ उत्तरावरून कारण कळते आणि कारण कळले, की पुढचे पुस्तक शोधता येते.

४. मुलांना काय आवडते?

याचे एक ठरीव उत्तर नाही. मुलांना मुलांसारखीच निरनिराळी पुस्तके आवडतात. तरीही काही खुणा सांगता येतात. त्यांना घडामोड आवडते, हसू आवडते, भीतीही आवडते. आपल्याच वयाच्या मुलाने मोठ्यांच्या मदतीवाचून काही करून दाखवलेले आवडते. खरी माहिती आवडते : साप, तारे, यंत्रे, क्रिकेट, विहीर कशी खोदतात, विमान कसे उडते. आणि आपल्यासारख्या माणसाने मान ताठ ठेवून जगलेले आयुष्य आवडते.

अगदी लहान वाचकांसाठी चित्रांची पुस्तके हवीत. माधुरी पुरंदरे यांचे ‘राधाचं घर’ किंवा त्यांनी संपादित केलेले ‘वाचू आनंदे’चे भाग घरात आणि शाळेत दोन्हीकडे चालतात. नॅशनल बुक ट्रस्टच्या ‘नेहरू बाल पुस्तकालय’ मालेतील पुस्तके स्वस्त आणि चांगली आहेत.

नऊ ते बारा वर्षांच्या मुलांना ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ आणि भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा ‘फास्टर फेणे’ अजूनही आपले वाटतात. सत्यजित राय यांच्या फेलूदाच्या रहस्यकथा मराठीत आल्या आहेत. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आहे आणि त्याचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. ज्या संस्थेने पाठ्यपुस्तके काढली, त्याच संस्थेने पाठ्यपुस्तकाबाहेरचे मासिकही काढले, यातच पाठ्यपुस्तक एकटे पुरेसे नाही ही कबुली आहे. याच वयात चित्रकथाही भरपूर वाचू द्याव्यात. चित्र आणि संवाद यांच्या आधाराने अडखळत वाचणारे मूलही पान संपवते आणि ‘मला जमले’ हा अनुभव त्याला पुढच्या पुस्तकाकडे नेतो.

तेरा-चौदाच्या पुढील मुलांना सत्य हवे असते. वीणा गवाणकरांचे ‘एक होता कार्व्हर’ हे १९८१ साली आलेले पुस्तक गुलामगिरीत जन्मलेल्या आणि पुढे थोर कृषिशास्त्रज्ञ झालेल्या जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांची कथा सांगते. आपल्या वसतिगृहांतील मुले ते हातोहात नेतात, याचे नवल वाटायला नको. तेत्सुको कुरोयानागी यांचे ‘तोत्तोचान’ वाचून मुले शाळा अशीही असू शकते म्हणून हरखतात. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ ही धनगरवस्तीवर गेलेल्या तरुण मास्तराची छोटेखानी कादंबरी आहे. जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा गणिताला घाबरणाऱ्या मुलालाही विचार करायला लावतात.

आपल्या मुलांच्या हाती प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ याच वयात द्यावे. पोरक्या मुलाने शिक्षणासाठी सोसलेले हाल त्यात बोलीच्या गोडव्यासह आणि कडवटपणावाचून आले आहेत. अण्णाभाऊ साठे यांची ‘फकिरा’ साहसाची ओढ असलेल्या मुलांना खिळवून ठेवते. ‘बलुतं’, ‘जिणं आमुचं’, ‘आयदान’ ही पुस्तके थोड्या मोठ्या वयात, बोलायला एखादे जाणते माणूस जवळ असताना वाचली जावीत. दुःखाचे पुस्तकही मुलांना आवडते. अट एवढीच, की त्यातील माणसाला लेखकाने लहान केलेले नसावे.

ही यादी नमुन्यादाखल आहे. प्रत्येक मुलाने ती मोडून आपली यादी करावी, हेच उत्तम.

५. तीन आक्षेप

*‘मोकळीक दिली, तर मुले हलकेफुलकेच वाचतील.’* आरंभी तसे होईल आणि होऊ द्यावे. बौद्ध साहित्यात ‘अनुपुब्बिकथा’ नावाची उपदेशाची एक क्रमवार रीत वर्णिली आहे. भगवान बुद्ध नव्या श्रोत्याला एकदम चार आर्यसत्ये सांगत नसत. आधी दान, मग शील, अशा चढत्या पायऱ्यांनी बोलत आणि ऐकणाऱ्याचे चित्त मृदू व तयार झाले आहे असे दिसल्यावरच मुख्य विषयाकडे वळत. चित्त तयार होण्याची वाट पाहणे हा अध्यापनाचाच भाग आहे, हे त्यातून कळते. रहस्यकथा वाचून मुलाला तासभर एका जागी बसण्याची सवय लागली, हीच पहिली पायरी होय. मात्र तेथेच मूल चार वर्षे बसून राहिले, तर पुढची पायरी दाखवणे हे शिक्षकाचे काम आहे.

*‘मग नेमलेली पुस्तके हवीतच कशाला?’* हवीत. प्रत्येकाने केवळ आवडीचेच वाचले, तर एका वर्गाला बोलायला समान विषय उरणार नाही आणि आपल्या आवडीच्या कुंपणापलीकडे काय आहे हे मुलाला कधी कळणार नाही. संविधानाची उद्देशिका, तुकोबांचा अभंग, जोतीरावांचे विचार हे प्रत्येक मुलाच्या कानावर पडलेच पाहिजेत, कोणी मागो वा न मागो. नावडते पुस्तक नेटाने पूर्ण करणे आणि ते का नावडले हे सकारण सांगता येणे, हेही शिक्षणच आहे. आपल्या उत्तरपत्रिकांत ‘हा पाठ तुम्हांला का आवडला?’ असा प्रश्न येतो. ‘आवडला नसल्यास कारणे द्या’ असेही कधी विचारून पाहावे. मुले किती बारकाईने वाचतात, हे त्या दिवशी कळेल.

*‘परीक्षेपुरता वेळ मिळत नाही, अवांतर कधी वाचणार?’* दहावीच्या वर्षी ही अडचण खरी आहे. परंतु जो विद्यार्थी सातवीपर्यंत तीस-चाळीस पुस्तके वाचून आला आहे, त्याला दहावीचा अपठित उतारा डोंगराएवढा वाटत नाही. वाचनाचा वेग आणि शब्दसंग्रह ही ऐनवेळी पाठ करता येणारी गोष्ट नव्हे.

६. वसतिगृहात आणि घरी

शिक्षण हक्क कायदा, २००९ याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि तेथे वृत्तपत्रे, नियतकालिके व सर्व विषयांची पुस्तके, गोष्टींच्या पुस्तकांसह, असावीत असे म्हटले आहे. गोष्टीची पुस्तके ही चैन नसून मुलांच्या हक्काचा भाग आहे, हे कायद्याने मान्य केले आहे. प्रत्यक्षात कुलूपबंद कपाट आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात, असे चित्र अनेक ठिकाणी दिसते. पुस्तक फाटेल या भीतीने ते न वाचता जुने होते. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांतील पहिल्या नियमाचा आशय पुस्तके वापरण्यासाठी असतात, हाच आहे. दुसरा आणि तिसरा नियम वाचकाला त्याचे पुस्तक व पुस्तकाला त्याचा वाचक मिळवून देण्याविषयी आहेत. केळूसकरांनी बागेतील त्या मुलासाठी केले ते हेच.

फ्रान्समधील एक शिक्षक-लेखक दानिएल पेनाक यांनी १९९२ साली वाचकाचे दहा हक्क सांगितले. पाने गाळण्याचा, पुस्तक अर्धवट सोडण्याचा, पुन्हा वाचण्याचा, वाटेल ते वाचण्याचा असे ते हक्क आहेत. मोठी माणसे हे हक्क रोज वापरतात. मुलांना मात्र आपण ते देत नाही.

आपल्याला सहज करता येण्याजोग्या काही गोष्टी पुढे दिल्या आहेत :

१. ज्या दिवशी वर्गात एखादा उतारा शिकवला जाईल, त्या दिवशी तो ज्या पुस्तकातून घेतला आहे ते मूळ पुस्तक ग्रंथालयाच्या टेबलावर समोर ठेवावे. ‘पुढे काय झाले ते यात आहे,’ एवढेच सांगावे.

२. वसतिगृहात रात्रीच्या अभ्यासानंतर वीस मिनिटे मोठ्याने वाचन व्हावे. वाचणारा कधी शिक्षक, कधी मोठा विद्यार्थी, कधी भेटीला आलेला पालक असावा. त्यावर प्रश्न विचारू नयेत.

३. आठवड्यातून एक तास मुलांनी स्वतः निवडलेले पुस्तक वाचावे. त्याच तासाला शिक्षकांनीही स्वतःचे पुस्तक वाचत बसावे. मोठे माणूस वाचताना पाहिल्याखेरीज मुलाला वाचन हे मोठ्यांचेही काम आहे, असे वाटत नाही.

४. ग्रंथालयाच्या खरेदीत मुलांना मत असावे. पाचवी ते दहावीच्या प्रत्येक वर्गातून एक मुलगा, एक मुलगी अशी समिती करावी आणि दरवर्षी काही पुस्तके तिनेच निवडावीत.

५. प्रत्येक वर्गात एक वही ठेवावी. तीत मुलांनी वाचलेल्या पुस्तकाविषयी दोन ओळी लिहाव्यात. न आवडल्यास तेही लिहावे. शिक्षकांनी त्या वहीला गुण देऊ नयेत, फक्त ती वाचावी.

६. ज्या पालकांना स्वतःला वाचता येत नाही, त्यांनी सुट्टीत घरी आलेल्या मुलाकडून पुस्तक वाचून घ्यावे आणि ऐकावे. रामजींच्या घरी जमणारी मंडळी ऐकणारीच होती. ऐकणारे कोणी असले, की वाचणाऱ्या मुलाचा आवाज मोकळा होतो.

७. राज्यात १५ ऑक्टोबर हा ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून पाळला जातो. त्या दिवशी वाचनाच्या महत्त्वावर भाषणे कमी करावीत आणि मुलांना प्रत्यक्ष वाचायला अधिक वेळ द्यावा.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती आहे. शाळेला भेट देताना आपण वह्या, दप्तरे, गणवेश आणता. त्यांची गरज आहेच. त्यांच्यासोबत एखाद्या मुलासाठी एक पुस्तक आणावे. आणण्यापूर्वी त्या मुलाशी दहा मिनिटे बोलावे, त्याला काय आवडते आणि काय आवडत नाही ते विचारावे. पहिल्या पानावर त्याचे नाव लिहून ते त्याच्या हाती द्यावे. गठ्ठ्याने दिलेली पन्नास पुस्तके कपाटात जातात. नाव घालून दिलेले एक पुस्तक उशाशी राहते.

कुटुंबात व वर्गात चर्चेसाठी

• शाळेत असताना तुम्हांला न आवडलेला एखादा पाठ कोणता? तो का आवडला नाही, हे तेव्हा कोणी विचारले होते का?

• तुमच्या हाती आलेले पाठ्यपुस्तकाबाहेरचे पहिले पुस्तक कोणते? ते कोणी दिले?

• रामजी सकपाळांनी दुसऱ्या वेळी मुलाच्या प्रश्नाला उत्तर दिले. आपले मूल असा प्रश्न विचारील, तर आपण काय सांगू?

• आपल्या मुलाने अलीकडे अर्धवट सोडलेले पुस्तक कोणते? कोणत्या पानावर सोडले?

• पुढच्या महिन्यात त्याच्या हाती देण्याजोगे दुसरे पुस्तक कोणते?